‘हौशींच्या मानाने’ म्हणजे नेमकं किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या कलाविषयक पानावर अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या ‘इन सी’ या रचनेच्या दोन प्रयोगांचं एकत्र परीक्षण आलं. एक प्रयोग व्यावसायिक वृंदाचा होता, दुसरा आमचा. आम्ही सतरा जण आणि त्यात पेटीवर मी. परीक्षणाचे परिच्छेद पाच, त्यातले चार त्यांना आणि एक आम्हाला. या वाटणीबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचा प्रयोग मीही तिसऱ्या रांगेत बसून ऐकला होता आणि त्यावर मला लिहायला सांगितलं असतं तर मीही चार परिच्छेद लिहिले असते. माझा आक्षेप आहे तो आमच्या परिच्छेदातल्या शेवटच्या वाक्याला. ‘हौशी मंडळींच्या मानाने प्रयोग बरा झाला.’

मी चौतीस वर्षं एका विमा कार्यालयात लेखापरीक्षण केलं. आता निवृत्त आहे, पण खोड गेलेली नाही. ‘परीक्षण’ हा शब्द दिसला की हात पेन्सिलीकडे जातो. आमच्या कामात ‘च्या मानाने’ चालत नसे. ताळेबंद जुळतो किंवा जुळत नाही. जुळत नसेल तर कितीने आणि कोणत्या नोंदीपाशी, हे लिहावं लागतं. ‘या शाखेतली माणसं नवीन आहेत, त्या मानाने हिशेब बरा आहे’ असा शेरा मी मारला असता तर साहेबांनी फाइल परत पाठवली असती. म्हणून विचारते, आमच्या प्रयोगात जे कमी पडलं ते कोणत्या नोंदीशी ताडून पाहिलं होतं?

ज्यांनी परीक्षण वाचलं पण रचना ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘इन सी’ १९६४ सालची. रायली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत एका बारमध्ये रॅगटाइम पियानो वाजवून पोट भरत होते, आणि ही कल्पना कामावर जाताना बसमध्ये सुचली असं त्यांनीच सांगितलेलं आहे. सगळी रचना एका पानावर मावते. त्या पानावर ५३ छोटे तुकडे आहेत, क्रमांक घातलेले. प्रत्येक वादकाकडे तेच पान. पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करायची आणि क्रमाने त्रेपन्नाव्यापर्यंत जायचं, पण कोणता तुकडा किती वेळा घोळवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. कोणती वाद्यं घ्यायची हे लिहिलेलं नाही. माणसं साधारण पस्तीस असावीत असं सुचवलंय, पण कमीजास्त चालतील असंही पुढे म्हटलंय. गायकांना कोणतीही अक्षरं घेऊन गायची मुभा आहे. वर पियानोच्या उंच ‘सी’वर किंवा मरिंबासारख्या, काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर एकसारखा ठोका चालू ठेवता येतो. प्रयोग बहुधा पाऊण तासापासून दीड तासापर्यंत चालतो.

‘सी’ म्हणजे आपली पांढरी एक. मला पाश्चात्त्य लिपी अडखळत वाचता येते, त्यामुळे मी ते पान घरी बसून सरगममध्ये उतरवून काढलं आणि तेव्हा गंमत कळली. पहिला तुकडा म्हणजे षड्जाचा कण लावून घेतलेला गंधार, तीनदा. बस्स, एवढंच. मग मध्यम येतो, मग पंचम. सहाव्या तुकड्यात फक्त एक लांबलचक तार षड्ज. असं करत करत तेरा तुकडे सगळे शुद्ध स्वर. आणि चौदाव्यात सां, नी, प, आणि मग तीव्र मध्यम. चारही स्वर सावकाश, लांब. पेटीवर एकटीने वाजवून पाहिलं तेव्हा त्या तीव्र मध्यमाला अंगावर काटा आला होता. पुढे पस्तिसाव्या तुकड्यात कोमल निषाद डोकावतो, आणि रचना संपते ती पंचम आणि कोमल निषाद यांच्या घोळात. नाव ‘पांढरी एक’, पण शेवटच्या तुकड्यात षड्ज नाहीच! हे कुणीतरी पानभर लिहावं इतकं सुंदर आहे, पण परीक्षणात याचा उल्लेख नव्हता.

आता मुद्द्यावर येते. आमच्या परिच्छेदात तीन दोष मोजले आहेत. काही वादक मध्येच बराच वेळ गप्प बसत होते. सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी नव्हते, कुणी पुढे तर कुणी मागे. आणि झायलोफोनवरच्या मुलाने एक तुकडा ‘चक्क गाळला’.

तिन्ही निरीक्षणं खरी आहेत. परीक्षकांचे कान तिखट आहेत हे मान्यच करावं लागेल. पण त्या ५३ तुकड्यांसोबत रायलींनी सूचनाही दिल्या आहेत, आणि त्या सूचनांशी ताडून पाहिलं तर तिन्ही गोष्टी जमेच्या बाजूला जातात. वादकांनी एकमेकांना अतिशय लक्षपूर्वक ऐकावं आणि त्यासाठी अधूनमधून वाजवणं थांबवावं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. एकमेकांपासून दोन किंवा तीन तुकड्यांच्या अंतरात राहावं, फार पुढे पळू नये, फार मागे रेंगाळू नये, हेही लिहिलंय. म्हणजे पुढेमागे असणं हीच तर रचना आहे, मर्यादा फक्त अंतराची. आणि एखादा तुकडा काही कारणाने वाजवता येत नसेल तर तो गाळून पुढे जावं, हेही संगीतकाराच्याच सूचनांमध्ये आहे. त्या मुलाला पस्तिसावा जमत नव्हता. सगळ्यात लांब तुकडा तोच. त्याने आठ दिवस प्रयत्न केला, मग तालमीत हात वर करून विचारलं, ‘मी हा सोडला तर चालेल ना?’ आम्ही त्याला सूचनांमधली ती ओळ दाखवली. तो तिथे थांबला, ऐकत राहिला आणि छत्तिसाव्यापासून परत आला. कुठे परत शिरायचं हे त्याने जितकं नेमकं ओळखलं, तितकं मलाही जमलं नसतं.

उलट सांगायचं तर परीक्षकांनी व्यावसायिकांबद्दल लिहिलेलं ‘सारा वृंद एका माणसासारखा पुढे सरकत होता’ हे वाक्य मला जरा खटकलं. प्रयोगात एकदोनदा सगळ्यांनी एका तुकड्यावर एकत्र यावं, असं रायली म्हणतातच. पण सगळे सारखेच एकत्र दिसू लागले तर आपला तुकडा थोडा सरकवून घ्यावा, असंही लगेच पुढे आहे. एका माणसासारखं सलग तासभर सरकणं हा या रचनेत गुण नव्हे. आणि खरं सांगायचं तर तो वृंद तसा सरकतही नव्हता. त्यांच्यात बास क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बाई मध्यावर चांगल्या दोनतीन मिनिटं वाद्य मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि डोळे मिटून ऐकत होत्या. मला तो सगळ्या संध्याकाळमधला सर्वांत शिकण्यासारखा क्षण वाटला. त्यांनी थांबून ऐकलं तर ती जाण, आम्ही थांबलो तर तो गोंधळ. एकच नोंद दोन वह्यांत दोन बाजूंना लिहिली गेली, असं आमच्या भाषेत म्हणतात.

माझी तक्रार कौतुक कमी झालं अशी नाही. आमच्या प्रयोगात दोष होते आणि ते मी इथे स्वतः नोंदवते, कारण परीक्षणातून ते निसटले आहेत.

पहिला आणि मोठा दोष म्हणजे आमची लय चढली. लय वादकांनी ठरवावी, पण सगळ्यांना निवांत वाजवता येईल त्याहून जलद नको, अशी सूचना आहे, आणि प्रत्येकाने काटेकोर लयीत वाजवावं अशीही. आमचा ठोका पियानोवर दोघी आळीपाळीने धरत होत्या. वरच्या दोन ‘सी’ पट्ट्या, एकसारख्या, न थांबता. वीस मिनिटं झाली की दुसरीने शेजारी बसायचं, तिचा हात पट्टीवर आला की पहिलीने सोडायचं. तालमीत हे पन्नास वेळा केलं होतं. प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या बदलीला लय किंचित वाढली आणि मग वाढतच गेली. तालमीत तासाला पाच मिनिटं कमी लागत, त्या दिवशी आम्ही सत्तेचाळीस मिनिटांत संपवलं. सगळीच घट लयीमुळे होती असं नाही, तुकडेही आम्ही कमी घोळवले. पण चाळिसाव्या तुकड्याच्या पुढे माझी बोटं धावत होती, वाजवत नव्हती. दुसरा दोष, शेवट. त्रेपन्नाव्याला पोचलं की सगळे येईपर्यंत तिथेच थांबायचं, मग सगळ्यांनी मिळून आवाज मोठा करत न्यायचा आणि उतरवायचा, असं काही वेळा, आणि मग एकेकाने वाटेल तसं थांबायचं. आमचा आवाज वर गेला तो खाली यायलाच तयार नव्हता. हौसेचा हा खरा तोटा. हळू वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं आणि ते त्या व्यावसायिक मंडळींना असं काही येत होतं की शेवटी ठोका एकटा उरला तेव्हा सभागृहात पंखा चालू आहे हे पहिल्यांदा ऐकू आलं.

तिसरा दोष माझा स्वतःचा. पस्तिसाव्यात मीही हरवले. मुलाने प्रामाणिकपणे सोडला, मी मात्र मोठेपणा करून वाजवायला गेले आणि मध्यावर कुठे आहे हेच कळेना. भाता चालू, बोटं थांबलेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकी सोळा जण वाजवत होते. लपायला ही रचना फार सोयीची आहे, हेही लिहून ठेवते.

हे असं लिहिलं असतं तर मी कात्रण कापून ठेवलं असतं. ‘लय चढली, शेवटचा उतार साधला नाही.’ सहा शब्दांत काम झालं असतं आणि आम्हाला पुढच्या तालमीला विषय मिळाला असता. ‘च्या मानाने बरा’ या वाक्याचं आम्ही काय करायचं?

या निमित्ताने एक चूकही दुरुस्त करावी, ही विनंती. परीक्षणात म्हटलंय की ‘इन सी’वर ‘रायली यांच्या किराणा घराण्याच्या तालमीचा ठसा’ दिसतो. वाचायला छान वाटतं, पण सालं जुळत नाहीत. रचना १९६४ची. रायली पंडित प्राणनाथांचे शागीर्द झाले ते १९७० साली. प्राणनाथ म्हणजे किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. ते अमेरिकेत गेले आणि रायलींनी पुढे त्यांच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९९६पर्यंत, त्यांच्याकडे शिक्षण घेतलं, त्यांना तंबोऱ्यावर आणि तबल्यावर साथ केली. म्हणजे ठसा असलाच तर तो नंतरच्या कामावर. गंधाराला षड्जाचा कण लावून सुरुवात करणारा माणूस सहा वर्षांनी किराण्याच्या दारात जाऊन बसतो, हे उलट्या दिशेने पाहिलं तर जास्त मौजेचं आहे. कुणी कुणाच्या घरी आधी गेलं हे नीट लिहायला हवं, नाहीतर आपल्याकडे सगळंच आपल्याकडून गेलं असं म्हणायची सवय लागते.

‘हौशींच्या मानाने’ या शब्दांमागे एक समजूत दडलेली आहे. खरी रचना व्यावसायिकांसाठी, आणि हौशी लोक तिची पातळ आवृत्ती करतात. काही रचनांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. रायलींनीच क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या वृंदासाठी लिहिलेल्या रचना आम्ही हातात घेऊ नयेत. त्या विशिष्ट चार माणसांच्या बोटांसाठी लिहिलेल्या आहेत, आणि आम्ही वाजवल्या तर त्या परीक्षणात मीच ‘कशाला?’ असं लिहीन. पण ‘इन सी’ तशी नाही. तिच्यात कोण वाजवणार हा प्रश्न आधीच धरलेला आहे. पस्तीस नसतील तर कमी चालतील, वाद्य कोणतंही चालेल, जमत नसेल तो तुकडा सोडा, सप्तक बदला, लय आपल्याला झेपेल ती घ्या. या सवलती नव्हेत. सवलत नंतर देतात, वरून. हे सगळं पानावर आधीपासून आहे, षड्ज आणि गंधार जसे आहेत तसंच.

दुसरं उदाहरण देते, अगदी वेगळ्या स्वभावाच्या संगीतकाराचं. बेंजामिन ब्रिटन यांचं ‘नोयेज फ्लड’, नोहाच्या महापुराची संगीतिका, १९५८ साली पहिल्यांदा सादर झालं. हा पहिला प्रयोग इंग्लंडमधल्या ऑर्फर्ड इथल्या चर्चमध्ये झाला. त्यात मोजके व्यावसायिक आणि बाकी सगळी मुलं. ब्रिटननी व्हायोलिनच्या मुलांचे तीन गट केले आणि तिसऱ्या गटाला इतकं सोपं लिहिलं की त्यांना बहुतेक मोकळ्या ताराच वाजवायच्या होत्या. डाव्या हाताचं बोट न टेकवता. व्हायोलिन हातात घेऊन महिना झालेलं मूलही त्यात बसतं. आणि पावसाचे पहिले थेंब? ते दोरीला टांगलेल्या कपांवर वाजतात, लाकडी चमच्याने. ही युक्ती ब्रिटन यांच्या सहकारी इमोजेन होल्स्ट यांनी सुचवलेली. महापूर कपांच्या टिणटिणीतून सुरू होतो आणि मग साऱ्या वृंदात चढत जातो. तिथे ‘मुलांच्या मानाने’ असं म्हणायला जागाच नाही. एखाद्या मोठ्या वृंदाने ते कप काढून तिथे महागाचं वाद्य ठेवलं तर थेंब पडायचे बंद होतील.

ब्रिटननी माणसांचे गट पाडले, कुणाला किती जमेल हे ओळखून. रायलींनी गटच पाडले नाहीत, सगळ्यांना एक पान दिलं. मला रायलींची रीत जास्त आवडते, पण मी पक्षपाती आहे, कारण ब्रिटनकडे गेले असते तर बहुधा कपांवर बसवली गेले असते.

आणि ‘इन सी’ हे पान किती हातांतून गेलंय ते पाहा. १९६४च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये ती पहिल्यांदा वाजली तेव्हा वादकांत स्टीव्ह राइश होते, पॉलिन ऑलिव्हेरोस होत्या, मॉर्टन सबॉटनिक होते. पुढे यांतल्या एकेकाने स्वतःचं नाव केलं. पण त्या वेळी तालमीत काय होत होतं? मंडळी एकत्र राहीनात. तेव्हा राइश यांनी सुचवलं की कुणीतरी वरच्या ‘सी’वर ठोका धरावा. म्हणजे आज जो ठोका या रचनेची ओळख मानला जातो, तो इतक्या तयारीच्या माणसांनाही एकमेकांचं बोट सुटू नये म्हणून आलेला आहे. हे वाचलं तेव्हा मला इतका धीर आला की मी ते तालमीच्या फळ्यावर लिहिलं. १९६८ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण झालं तेव्हा वादक होते अकरा. पुढे शांघाय फिल्म ऑर्केस्ट्राने चिनी वाद्यांवर केली. बामाकोत ‘आफ्रिका एक्स्प्रेस’ने माली देशातल्या वादकांना घेऊन कोरा आणि बालाफोन या तिथल्या वाद्यांवर केली. मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली ध्वनिमुद्रित केली आणि ती मी यांतल्या कित्येक नामवंतांपेक्षा जास्त वेळा ऐकलेली आहे. त्याच वर्षी क्रोनोसच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मोठा प्रयोग झाला, खुद्द रायली मंचावर होते. या सगळ्यांकडे तेच ५३ तुकडे. यात ‘मूळ’ कोणती आणि ‘त्या मानाने’ कोणती?

पहिल्या प्रयोगाचं परीक्षण ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये आल्फ्रेड फ्रँकेनस्टाइन यांनी केलं होतं. पृथ्वीवर असं दुसरं संगीत नाही, अशा अर्थाचा मथळा होता त्याला. त्यांच्यापुढे ताडून पाहायला दुसरा कोणताच प्रयोग नव्हता. त्यांनी समोर जे वाजलं ते ऐकलं आणि लिहिलं. असं ऐकणं आपल्या परीक्षकांना जमणार नाही असं मी मानत नाही. त्यांचे जुने लेख मी वाचलेले आहेत.

आता आमच्या तालमीबद्दल थोडं, कारण ‘हौशी’ म्हटलं की लोकांना वाटतं संध्याकाळी जमून काहीतरी वाजवतात. आम्ही पाच महिने घेतले. सूचनांमध्येच सल्ला आहे की आधी सगळे तुकडे सगळ्यांनी मिळून एकदम वाजवून बसवावेत. आम्ही तसेच बसवले, एका बैठकीला चार किंवा पाच. दातांचे डॉक्टर क्लॅरिनेटवर, त्यांची रुग्णांची वेळ संपली की मग आमची सुरू. दोन बहिणी बासरीवर. एक निवृत्त अभियंते फक्त ‘ना’ आणि ‘दे’ एवढ्या अक्षरांवर गातात, त्यांनी स्वतःच ठरवलेलं. माझी पेटी पियानोपेक्षा किंचित चढी निघाली. घरी तीस वर्षं कळलं नव्हतं, कारण ताडून पाहायला कुणी नव्हतं! ती सुरात लावून घेण्यात पंधरा दिवस गेले.

सुरुवातीला आमचा रोग एकच, पुढे पळणं. प्रत्येकाला वाटे नवा तुकडा आपण आधी उघडावा. आम्हाला शिकवायला एक व्यावसायिक मरिंबावादक येत, त्यांनी एक दिवस नियम काढला. शेजारी काय वाजवतोय त्याचा क्रमांक सांगता आला तरच वाजवायचं, नाहीतर हात मांडीवर. पहिली दहा मिनिटं खोलीत फक्त ठोका चालू होता. सगळे मांडीवर हात ठेवून एकमेकांकडे बघतायत. मग दोन बहिणींपैकी धाकटीने हळूच सातवा घेतला, कारण मोठी सातव्यावर होती हे तिला नक्की माहीत होतं. त्या दिवशी आम्ही एकविसाव्याच्या पुढे गेलो नाही, आणि ती आमची सर्वांत चांगली तालीम होती असं मी अजूनही म्हणते.

प्रयोगातही एक क्षण असा आला. चौदाव्यावर मी जरा लवकर पोचले. बाकीचे अकराव्या-बाराव्याच्या आसपास रुंजी घालत होते. सां घेतला, नी घेतला, प घेतला, आणि आता तीव्र मध्यम. सतरा जणांत तो स्वर अजून कुणीच वाजवलेला नव्हता. तेरा तुकडे सगळ्या सभागृहाचे कान शुद्ध मध्यमाला सरावलेले. मला धाकधूक वाटली, चुकल्यासारखं तर ऐकू येणार नाही? भाता सावकाश ओढला आणि पट्टी दाबली. क्लॅरिनेटवाले डॉक्टर थबकले. त्यांनी वाद्य ओठांपासून जरा दूर नेलं, दोन वेळा ऐकलं, आणि मग माझ्याच तीव्र मध्यमावर येऊन टेकले, थेट नव्हे, वरून, सां, नी, प करत. मग बासऱ्या आल्या. मिनिटभरात अर्धा वृंद तिथे होता. मागच्या रांगेत कुणीतरी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं, की तसं वाटलं. परीक्षक तेव्हा सभागृहात होते. हा क्षण त्यांना कसा वाटला हे वाचायला मला मनापासून आवडलं असतं. चांगला वाटला नसता तरीही.

आमच्याकडे हौस आहे, रियाज त्यांच्याइतका नाही, आणि या दोन्ही गोष्टी ऐकताना कळतात. त्या जशा ऐकू आल्या तशा लिहाव्यात. जमेला धरू नका आणि वजाही करू नका.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. कात्री लावायची झाली तर कपांचा परिच्छेद काढलात तरी चालेल, पण १९६४ आणि १९७०ची दुरुस्ती ठेवावी, ती चूक छापील राहू नये.

जाता जाता, आमचा पुढचा प्रयोग ठरतो आहे आणि ठोका धरणाऱ्या दोघींपैकी एक परगावी जाणार आहे. परीक्षकांना सवड असेल तर जागा रिकामी आहे. पियानोवरच्या दोनच पट्ट्या. सरगम लागत नाही, लिपी लागत नाही. वीस मिनिटांनी बदली मिळते, उजवा खांदा मात्र दोन दिवस दुखतो.

कळावे,
आपली नियमित वाचक
(सतरा जणांतली पेटीवाली)